चौदा नंबर

भोर
२६ ऑगस्ट २०२४

सौ. नूतन,

आशीर्वाद. कामाचं आधी लिहिते, ख्यालीखुशाली नंतर.

रविवार २२ सप्टेंबरला आपली डोंगरातली वाटचाल. बावीस माणसं येणार आहेत. चौदा भोरची, बाकी पुण्याची. सव्वासातला मार्गासनीला जमून टेम्पोने पालीपर्यंत येऊ आणि आठला तुझ्या दारात असू. चहा ठेव. पोहे नकोत. पोहे खाल्ले की माणसं सुस्तावतात आणि पहिल्याच चढावर फोटोच्या निमित्ताने उभी राहतात. दुपारी परतल्यावर पिठलं, भाकरी, कांदा, ठेचा. गोड काही करू नकोस. गेल्या खेपेला तुझ्या खिरीपायी आमची एसटी चुकली.

रस्ता नेहमीचा. तुझी वाडी, वाघजाईची राई, वरचा झरा, आणि सोनकीच्या पठारावरून खाली. राईत अनवाणी जायचं, म्हणून राईच्या तोंडाशी चपला-बूट मोजायचं काम तुझं. पुढे झऱ्यापाशी हजेरी घ्यायचं काम माझं. अकरा वर्षांत हजेरीशिवाय मी झऱ्याच्या पुढे गेलेले नाही आणि एकही माणूस हरवलेला नाही. नव्या लोकांना सांगून ठेव, की सकाळी मिळालेला नंबर दिवसभर तोच राहतो आणि तो ज्याचा त्याने मोठ्याने म्हणायचा.

आणखी एक. तू हल्ली पुटपुटतेस. जुलैत झाडांची गावची नावं सांगत होतीस, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. सहा वर्षं आमच्यापुढे चालतेस, आता लाजायचं काय? मान वर करून, माझ्याकडे बघून, खणखणीत बोल.

उत्तर पत्रानेच दे. फोन मला आवडत नाही.

सौदामिनी राजोपाध्ये


पाली, वरची वाडी
४ सप्टेंबर २०२४

ती. बाईंना नूतनचा नमस्कार.

तुमचं पत्र परवा ज्ञानूभाऊ टपालवाल्यांनी दिलं. वर म्हणाले, "वैनी, हाताने लिहिलेलं पत्र अख्ख्या वाडीत तुमालाच येतं. बाकीच्यांना नुसती आधार कार्डं."

बाई, आता शाळेच्या टेकाडावर मोबाईलला रेंज येती. म्या तुमाला तीनदा फोन लावला. एकदा उचललात, "हॅलो, कोण, कोण" म्हणालात आन ठेवून दिलात. रागावलात का काय, मला कळंना.

पोहे न्हाई करत. पण खिरीचा आळ माझ्यावर घेऊ नका. तिसऱ्यांदा वाटी कुणी पुढं केली ते सगळ्यांनी बघितलंय.

पुटपुटायचं म्हणाल तर हितं सगळे मला उलटंच बोलत्यात. आमचे हे म्हणत्यात, "तुझी हाक ऐकून नदीपल्याडची म्हसरं माघारी फिरत्यात." तरी मी आजून मोठ्यानं बोलीन. जुलैत झऱ्यावर शीळकरी कस्तूर पक्षी बोलत हुता तवा सगळी माणसं गप उभी ऱ्हायली, आन तुमी बांडगुळाचं सांगतच ऱ्हायलात. मला वाटलं, तुमाला त्या शिळेचं काय अप्रूप, जलमभर कॉलेजात हेच शिकवलंय.

सासूबाईंचा निरोप हाय. त्यांना ऐकू येत न्हाई, पण कुणी काय म्हणालं ते तोंडाकडं बघून सगळं कळतं, तुमाला ठावं हाय. त्या म्हणत्यात, राईतून निघताना पदर, खिसे, पिशव्या झटकून निघायचं. देवीचं पान बी भायेर जाता कामा न्हाई. चुकून गेलंच, तर ज्याच्या हातून गेलं त्यानंच आणून ठेवायचं, दुसऱ्याच्या हाती धाडायचं न्हाई.

आता माझं एक काम. मागायला लाज वाटती म्हणून शेवटाला लिहिते. डिसेंबरात तालुक्याला बायांसाठी दहा दिवसांचं प्रशिक्षण हाय, डोंगरात माणसं कशी न्यायची, पाखरं-झाडं कशी दावायची, कुणी पडलं तर काय करायचं. शेवटाला गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळतं. नाव घ्यायला ज्यांच्यासंगं काम केलं त्यांचं शिफारसपत्र लागतं. बाई, मी सहा वर्षं तुमच्यापुढं चालती, पण गावात विचारा, मी भाकरीवाली. तुमी पत्र द्याल का?

तुमची
नूतन गोरख रेणुसे


भोर
१० सप्टेंबर २०२४

सौ. नूतन,

फोनचा विषय पुन्हा नको.

शिफारस मागायला एवढी आडवळणं घ्यायची गरज नव्हती. २२ तारखेला तुझं काम बघेन आणि त्याच आठवड्यात पत्र लिहीन. न बघता मी कुणालाही पत्र देत नाही. सख्ख्या भाचीलाही दिलेलं नाही.

तुझ्या सासूबाईंचा, ठकुबाईंचा, नियम सगळ्यांना कळवला आहे. माझं शास्त्र म्हणतं की बी आईपासून लांब जावं. पण राई त्यांची, नियम त्यांचा.

आणि बांडगुळाचं ऐकणं गरजेचं होतं.

सौदामिनी


भोर
२४ सप्टेंबर २०२४

सौ. नूतन,

वसंतराव इथे दवाखान्यात आहेत. घोट्याच्या हाडाला बारीक चीर आहे, सहा आठवडे प्लास्टर. बाकी तब्येत ठीक. गोरखने आणि वाडीतल्या मंडळींनी त्यांना चादरीच्या झोळीतून खाली आणलं, त्याबद्दल त्यांचे आभार कळव.

आता जे लिहायला हवं ते लिहिते. राईतून सगळे बाहेर पडल्यावर मी तुला विचारलं आणि तू हात हलवून "एक पण बूट उरला न्हाई" असं सांगितलंस. त्यावर विसंबून आपण झऱ्यावर गेलो. तिथे हजेरी झाली. हजेरी पूर्ण होती. मग पठार झालं, उतरलो, एक वाजता तुझ्या अंगणात पंगत बसली आणि एक ताट उरलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस राईच्या खालच्या ओढ्यात साडेतीन तास एकटा पडून होता, आणि ते आपल्याला ताटावरून कळलं.

ही चूक कशी झाली याचा मी दोन दिवस विचार करते आहे. बूट मोजण्यातच ती झाली असली पाहिजे, दुसरं काही मला दिसत नाही. अशा परिस्थितीत मी शिफारसपत्र लिहू शकत नाही. लिहिलं तर ते खोटं होईल.

पुढच्या वाटचालीचं मंडळी ठरवतील.

सौदामिनी राजोपाध्ये


पाली, वरची वाडी
३० सप्टेंबर २०२४

ती. बाईंना नमस्कार.

माझी चूक झाली. वसंतकाका बरे हायेत हे वाचून जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला भाकरी गोड लागंना झाली.

पत्र न्हाई दिलं तर बरोबरच केलं. तुमच्या जागी मी असते तर मी बी न्हाई दिलं असतं.

पण बाई, एक गोष्ट मनात ठेवून झोप लागंना, म्हणून लिहिते. रागावू नका. बूट म्या नीट मोजले हुते. सगळे उचलले गेले, काकांचे तपकिरी बूट बी. काकांनी माझ्यासमोर दगडावर बसून नाड्या बांधल्या. म्हणाले, "नूतन, वाकायचं वय ऱ्हायलं न्हाई बघ." म्हणजे ते भायेर आले हुते. मग माघारी राईत कशाला गेले ते मला ठावं न्हाई.

आन दुसरं. झऱ्यावर तुमी हजेरी घेतली तवा मी पाण्याच्या वरल्या अंगाला उभी हुते. बारा म्हणाले, तेरा म्हणाले, आन मग एकदम पंधरा आला. चौदा, म्हणजे काकांचा नंबर, कुणी बोललं न्हाई असं मला वाटलं. सगळे बाटल्या भरत हुते, दंगा हुता, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. म्या तुमच्याकडं बघितलं. तुमी बावीसपर्यंत मान हलवलीत आन "बरोबर, चला" म्हणालात. मला वाटलं, काकांना तुमीच कुठं पुढं धाडलं असंल. बाईंची हजेरी चुकती असं चारचौघांत म्हणायला माझी जीभ उचलली न्हाई. तवा बोलले असते तर काका अर्ध्या तासात सापडले असते. ही माझी खरी चूक.

तुमच्या ग्रुपवर प्रद्युम्नदादांनी काय लिहिलं ते ह्यांच्या मोबाईलवर फिरत फिरत आलं. "गावातल्या मदतनीस बाईच्या बेजबाबदारपणामुळे." आता पाण्याला गेलं की बाया इचारत्यात, "काय गं नूतन, आज किती शेरडं नेली आन किती आणली?" ह्यांनी सांगितलं, बास झालं, शहरातल्या माणसांच्या पुढं चालायचं न्हाई.

सासूबाई सारखं एकच इचारत्यात, तो बाबा परत राईत कशापायी गेला? भेटलात तर तेवढं कळवा.

नूतन


पाली, वरची वाडी
१४ ऑक्टोबर २०२४

ती. बाईंना नमस्कार.

दोन आठवडे झाले, पत्र न्हाई. दसऱ्याचं सोनं द्यायला बी सवड झाली न्हाई तुमाला.

तुमी दिलेली पितळंची शिट्टी ह्या पाकिटात माघारी धाडते. पुढं चालायचं न्हाई तर ती मला काय कामाची. दुर्बीण जड हाय, पोस्टात फुटंल, ती ज्ञानूभाऊ भोरला येतील तवा देतील.

शिट्टीवरनं एक सांगायचं ऱ्हायलं. सांगू का नको, चार दिवस इचार केला. काकांना आणायला माणसं राईत गेली तवा तुमी अंगणातच हुता. काका गावले म्हणून म्या वरनं ही शिट्टी तीनदा जोरात वाजवली. सगळी माणसं पळत आली. तुमी तशाच तुळशीपाशी पाठ करून उभ्या. सासूबाई तुमच्या शेजारी हुत्या. दोघींनी बी वळून बघितलं न्हाई.

त्यावर सासूबाई मला काल म्हणाल्या, "तुझ्या बाईला म्हणावं, कानाचं बघ. ती बी माझ्यासारखी तोंडाकडं बघून ऐकती. मला पयल्या दिवसापासून ठावं हाय." म्या म्हणाले, "आत्या, काय तरी काय बोलता, त्या शिकलेल्या हायेत." तर म्हणाल्या, "कान काय शाळंत जात्यात व्हय?"

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं हाय, मनावर घेऊ नका. पण चौदा नंबर तुमाला ऐकू आला न्हाई असं असंल, तर तुमी लबाड न्हाई, आन मी बी न्हाई. एवढंच माझ्या मनात हाय.

नूतन


भोर
२१ ऑक्टोबर २०२४

चि. नूतन,

उत्तराला उशीर केला. कारण सांगते. तुझं ३० तारखेचं पत्र टेबलावर होतं आणि ते दुसऱ्यांदा उघडायचं धैर्य मला होत नव्हतं. दुसरं पत्र आलं तेव्हा शिट्टी हातात घेऊन मी ती माझ्याच कानाशी वाजवली. काहीतरी वाजतंय एवढं कळलं. ठकुबाईंचं बरोबर आहे.

तीन वर्षं झाली. आधी पाखरं गेली. बारीक, उंच आवाजाची आधी जातात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मग दाराची घंटा, मग फोन. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच यंत्र दिलं. ते कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खणात आहे. दोन दिवस लावलं होतं, सगळं जग पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजायला लागलं, म्हणून काढून ठेवलं. खरं कारण ते नव्हतं. कानात यंत्र घालून वाटचालीला आले, तर कुणीतरी म्हणेल की आता बाईंनी घरी बसावं, ही भीती होती.

हजेरी मी ओठांवरून घेत होते. नंबर म्हणताना माणूस हात वर करतो, मी हात बघते आणि मान हलवते. त्या दिवशी बाटल्यांच्या गर्दीत कुणाचा तरी हात वर होता, तो मी चौदा धरला. शेवटी बावीसचा हात दिसला आणि मी "बरोबर" म्हणाले. बरोबर नव्हतं. अकरा वर्षं ज्या गोष्टीचा मला तोरा होता तीच मी निष्काळजीपणे केली, आणि नंतर ती तुझ्या अंगावर ढकलली. ढकलताना मला अर्धवट कळत होतं. हे लिहिणं सोपं नाही, म्हणून लिहिते आहे.

वसंतरावांकडे परवा जाऊन बसले. ते का परत गेले, ठकुबाईंना सांग. बूट घालून झऱ्याच्या वाटेला लागल्यावर त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला, तर गारंबीच्या वेलाची बी हाताला लागली. राईत मी सगळ्यांना दाखवायला वाटली होती ती, तळहातात मावेल एवढी, तपकिरी. झटकताना पँटचा खिसा राहून गेला. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम. तहसील कचेरीत पस्तीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगितलं. म्हटलं, पटकन ठेवून येतो, हजेरीच्या आधी गाठतो." ओढ्याच्या शेवाळावर पाय गेला.

काल, रविवारी, वाचनालयाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. उभं राहून सांगितलं: बूट बरोबर मोजले होते, हजेरी चुकली, हजेरी माझी होती, मला ऐकू येत नाही. प्रद्युम्न म्हणाला, "मॅडम, झालं ते झालं, आता कशाला?" मी म्हटलं, "कशाला म्हणजे? तू तिचं नाव घालवलंस ते चारशे लोकांनी वाचलं. आता याच खोलीत बसून दुसरं लिही, मी वाचल्याशिवाय कुणी उठायचं नाही." लिहिलं त्याने. मान खाली घालून लिहिलं. चांगला मुलगा आहे, फक्त बोटं डोक्याच्या पुढे पळतात.

सोबत शिफारसपत्र आहे. त्यात २२ सप्टेंबरला काय झालं तेही स्पष्ट लिहिलं आहे आणि चूक कुणाची तेही.

वाटचाल मी बंद करते आहे. ऐकू न येणाऱ्या माणसाने दुसऱ्यांना डोंगरात नेऊ नये. शिट्टी परत पाठवते. ती तुझीच आहे. मला माफ कर असं लिहायला हवं. लिहिलं.

सौदामिनी


पाली, वरची वाडी
४ नोव्हेंबर २०२४

ती. बाईंना नमस्कार.

दिवाळी झाली. लाडू ज्ञानूभाऊंच्या हाती धाडलेत, मोजून अकरा हायेत. कमी भरले तर ज्ञानूभाऊंना इचारा, मला न्हाई.

तुमचं पत्र म्या ह्यांना वाचून दाखवलं, मग सासूबाईंपुढं बसून सावकाश वाचलं. तुमी चारचौघांत उभं राहून सांगितलं हे ऐकून ह्यांनी तेवढं परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "आपल्या गावात कुणी येवढं बोललं नसतं." प्रद्युम्नदादांचं दुसरं लिखाण बी फिरत फिरत आलं. आता पाणवठ्यावरच्या बाया म्हणत्यात, आमी थट्टाच करत हुतो.

आता माझं ऐका. तुमी बाई म्हणून आजवर मी ऐकलं, आता एकदा तुमी ऐका.

शिफारसपत्र मी तालुक्याला दिलेलं न्हाई. डब्यात ठेवलंय. वाटचालच बंद पडली तर गळ्यात ओळखपत्र घालून मी काय शेरडांपुढं चालू? पत्रात तुमी लिवलंय, "ही सहा वर्षे आमच्या वाटचालीची वाटाडी आहे." आहे म्हणून लिवलंय, होती म्हणून न्हाई. मग बंद कशी? एक कायतरी खोटं हाय. तुमी खोटं लिहीत न्हाई.

दुसरं. ती गारंबीची बी आता कुठं हाय? म्या काकांना फोन करून इचारलं. त्यांनी राईत पोचायच्या आधीच पाय घसरला. बी खिशातच ऱ्हायली. दवाखान्यात पँट कापली तवा सूनबाईंनी ती पिशवीत टाकली, आता त्यांच्या देवघरात हाय. म्हणजे राईची वस्तू दीड महिना झाला भोरात बसलीय! सासूबाईंना कळलं तशा उठून उभ्या ऱ्हायल्या. म्हणाल्या, त्या बाबालाच आणून ठेवायला पायजे. त्याचं पाऊल चांगलं, देवीचं देवीला द्यायला निघाला हुता. पण आणायचं त्यानंच. आन ज्या बाईनं वाटली, तिनं बी संगं यायचं.

तवा तुमाला यायचंच हाय. २४ नोव्हेंबर, रविवार. काकांचं प्लास्टर ह्या आठवड्यात निघतंय. राईपर्यंत हे त्यांना धरून नेतील. पुढं झऱ्यावर आन पठारावर बाकीच्यांना घेऊन आपण जाऊ.

हजेरी मी घेणार. माझा आवाज कसा हाय ते म्हसरांना इचारा.

यंत्र कपड्यांच्या खणातून काढा. सासूबाई म्हणत्यात, "मला कुणी असलं दिलं असतं तर मी कानातून काढलंच नसतं, झोपताना बी." त्यांचा नातवाच्या बारशाचा पाळणा सुद्दा ऐकायचा ऱ्हायला, बाई. त्या कधी बोलल्या न्हाईत. तुमचं पत्र वाचलं तवा बोलल्या.

पोहे करणार हाय. मी पुढं चालणार, तर मी सांगते तसं.

नूतन


भोर
११ नोव्हेंबर २०२४

चि. नूतन,

लाडू दहा मिळाले. ज्ञानूच्या मिशीला रवा होता.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग परत वाचलं. शिफारसपत्रातलं "आहे" मी बदलणार नाही.

यंत्र काढलं. रोज चार तास लावते. पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीने मी ओट्यापासून दोन पावलं मागे उडी मारली. माझ्या स्वतःच्या चपला इतक्या फटफट वाजतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. शेजारी सकाळी सहाला रेडिओ लावतात. तीन वर्षं मी त्यांना शांत, सज्जन माणसं समजत होते.

डॉक्टर म्हणाले, सवयीला वेळ लागेल, आणि गर्दीत सगळे आवाज एकत्र होतील. पाखरांचं विचारलं. म्हणाले, आशा ठेवा, खात्री देत नाही. सरळ उत्तर होतं, आवडलं.

२४ तारखेला येऊ. ग्रुपमधल्या तिघांनी नावं काढून घेतली. त्यांचा हक्क आहे. एकोणीस येतील आणि मी. वसंतराव म्हणतात, नंबर चौदाच हवा, दुसरा दिलात तर येणार नाही.

काही गोष्टी ठरवून घे. राईतून निघताना खिसे बाहेर काढून दाखवायचे, नुसतं झटकणं पुरे नाही. हजेरीच्या वेळी कुणी बाटली भरायची नाही, बोलायचं नाही. नंबर चुकला तर जिथे असू तिथे थांबायचं, पुढे पाऊल नाही. आणि माझं काही चुकलं तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर म्हणायचं. मनात ठेवायचं नाही. हे जमणार नसेल तर आत्ताच कळव.

पोह्यांवर मी काही बोलत नाही.

सौदामिनी


पाली, वरची वाडी
२६ नोव्हेंबर २०२४

ती. बाईंना नमस्कार.

परवा तुमी सगळे गेल्यावर सासूबाई उशिरापर्यंत ओट्यावर बसून हुत्या. काकांनी वाकून बी कशी ठेवली, ते त्या सगळ्यांना करून दाखवत्यात. काका आन त्या तीन तास ओट्यावर काय बोलले कुणास ठाऊक. एकाला बोलायची हौस, दुसरीला ऐकू येत न्हाई, जोडी झकास जमली. तुमी निघताना त्या तुमचं यंत्र कानाला लावून बघत हुत्या ते म्या बघितलं. तुमीच काढून दिलंत ना? त्यांना काय ऐकू आलं का, इचारलं, तर सांगत न्हाईत, नुसत्या हसत्यात. हे म्हणालेत, जानेवारीत त्यांना डॉक्टरकडं भोरला आणतो. तुमी बरोबर याल ना?

शिफारसपत्र काल तालुक्याला दिलं. तिथल्या मॅडमनी सगळं वाचलं आन म्हणाल्या, "ह्यांनी स्वतःचीच चूक लिहिलीय की ह्यात." म्या म्हणाले, "व्हय, तशाच हायेत त्या." दोन डिसेंबरला सुरू.

आता एक भांडण. म्या झऱ्यावर हजेरी घेतली. एकपासून एकोणीसपर्यंत सगळे बोलले. चौदाच्या जागी म्या वर तोंड करून "काका वाडीत" असं सांगितलं, हसले सगळे. वीस नंबर तुमचा. तुमी बोललाच न्हाईत! म्या दोनदा हाक मारली. आंजनीच्या झाडाखाली मान वर करून उभ्याच. म्हटलं यंत्र बंद पडलं, आता काय? तरी तुमीच सांगितलं हुतं म्हणून सगळ्यांसमोर ओरडले, "बाई, तुमचा नंबर! एकजण बोलत न्हाई तवर एकोणीस माणसं उभी हायेत!" प्रद्युम्नदादांनी तर तोंडावर रुमाल धरला.

तुमी "वीस" म्हणालात आन पुढं काय बोलला न्हाईत. टेम्पोत बसेपर्यंत न्हाई. मी जादा बोलले का? मशीनचं काय झालं हुतं? बॅटरी गेली का? कळवा, म्हणजे पुढच्या वेळी जादाची घेऊन ठेवू.

नूतन


भोर
३० नोव्हेंबर २०२४

चि. नूतन,

जादा बोलली नाहीस. बरोबर बोललीस, आणि आवाज उत्तम होता. पुटपुटण्याबद्दल मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं ते मागे घेते. ठकुबाईंबरोबर जानेवारीत मी येईन. तारीख कळव, मी रांगेत आधी जाऊन बसते.

यंत्र बंद नव्हतं. बॅटरीही होती. तू "एकोणीस" पर्यंत पोचलीस तेव्हा वर अंजनीच्या फांदीवर नाचण आला. शेपटीचा पंखा उघडला, मिटला, आणि बोलला. पाच-सहा स्वर, वरून खाली. आधी मला वाटलं, आठवणीतलं ऐकतेय. कानांवर माझा विश्वास राहिलेला नाही. म्हणून थांबले. तो पुन्हा बोलला. तेवढ्यात खालून तू.

नंबर चुकवला ही चूक माझीच. हजेरीच्या वेळी पाखरं ऐकत उभं राहायचं नाही, हा नियमही तुझ्या यादीत घाल. माझ्यासारख्यांसाठी.

पुढची वाटचाल १९ जानेवारी. वीस नंबर मला राहू दे.

सौदामिनी